घरातील संगणकाची मंदावलेली गती : कारणे आणि उपाय

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या मार्गावरील झरी हे काळ्या कसदार जमिनीच्या टापूतील गाव. कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीतील ज्वारी-हरभरा ही या परिसराची नेहमीची पिके. अशा गावातील घरातही संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, महाविद्यालयीन प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल ही सारी कामे संगणकावरून होऊ लागली आहेत.

तथापि, चार-सहा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतलेला संगणक हळूहळू मंदावतो. कळ दाबल्यानंतर तो सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे लागतात. अर्जाची मुदत संपत आलेली असताना पडद्यावरील चक्र नुसते फिरत राहते. अशा वेळी विद्यार्थ्याला परभणी गाठावी लागते, आणि नवा संगणक घ्यावा तर कापसाच्या एका वेचणीचा पैसा त्यात जातो. वास्तविक, अशा अनेक संगणकांना निवृत्त करण्याची गरज नसते. त्यांची गती कशामुळे घटली हे समजून घेतल्यास थोड्या खर्चात, कित्येकदा खर्चावाचूनही, ती सुधारता येते.

मुनीम, गादी आणि माळा

संगणकाचे काम तीन भागांवर अवलंबून असते : आकडेमोड करणारा प्रोसेसर, चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, म्हणजे रॅम, आणि सर्व माहिती कायम साठविणारी डिस्क. मोंढ्यातील अडत दुकानाचे उदाहरण घेतल्यास हे सहज उमगेल. प्रोसेसर हा दुकानातील मुनीम होय. त्याच्या पुढ्यातील गादी म्हणजे रॅम, आणि जुन्या वह्या ठेवण्याचा माळा म्हणजे डिस्क. मुनीम कितीही हुशार असला, तरी गादीवर दोनच वह्या मावत असतील तर तिसऱ्या वहीसाठी त्याला माळ्यावर चढावे लागते. दिवसाचा बराच वेळ मग जिना चढण्या-उतरण्यातच जातो. मंद संगणकाच्या बाबतीत बहुधा हेच घडते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मुख्य स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. आज घरगुती संगणकात ४ गिगाबाइट, म्हणजे सुमारे चारशे कोटी अक्षरे मावतील एवढी स्मृती असते. तरीही ती अपुरी पडते, कारण आजच्या आज्ञावली आणि संकेतस्थळे त्याच प्रमाणात अवजड झाली आहेत. संगणक जुना होतो तो झिजल्यामुळे तितका नव्हे, जितका त्याच्यावरील ओझे वाढल्यामुळे.

प्रथम निदान

संकेतस्थळ उघडण्यास विलंब होतो, परंतु संगणकातीलच एखादे पत्र चटकन उघडते, असे असेल तर दोष संगणकाचा नसून इंटरनेटच्या जोडणीचा आहे. दोन्ही कामे संथ होत असतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोज प्रणालीत ‘टास्क मॅनेजर’ नावाचा तक्ता उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यावरील भार टक्क्यांत दिसतो. डिस्कचा आकडा सतत शंभराजवळ असेल तर अडचण माळ्याची आहे. मेमरी नव्वदच्या घरात असेल तर गादी अपुरी आहे. कोणतेही काम चालू नसताना प्रोसेसर राबत असेल तर एखादी नको असलेली आज्ञावली किंवा विषाणू आत शिरल्याची शक्यता असते.

विनाखर्च उपाय

संगणक सुरू होताच अनेक आज्ञावली आपोआप कामाला लागतात. त्याच तक्त्यातील ‘स्टार्टअप’ या भागात त्यांची यादी असते. तीतील अनावश्यक नावे बंद करावीत. न वापरल्या जाणाऱ्या आज्ञावली काढून टाकाव्यात. ब्राउझरमध्ये एकाच वेळी वीस-पंचवीस पाने उघडी ठेवू नयेत. डिस्कचा निदान पाचवा हिस्सा मोकळा राहील असे पाहावे. विषाणुरोधक आज्ञावली एकच असावी, कारण दोन असल्यास त्या एकमेकींच्या कामात अडथळा आणतात.

विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. त्यामुळे अधूनमधून ‘रीस्टार्ट’ करणे हितावह ठरते. ‘एका क्षणात संगणक वेगवान’ अशी जाहिरात करणाऱ्या फुकट आज्ञावलींपासून मात्र दूर राहावे. त्यांतील कित्येक स्वतःच संगणकावर भार होऊन बसतात.

ऊन आणि धूळ

मराठवाड्यात आणखी एक कारण विचारात घ्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी परिसराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच आपली गती कमी करतो. पंख्यावर आणि झरोक्यांवर धूळ बसली असेल तर ही वेळ लवकर येते. म्हणून वर्षातून एक-दोनदा संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. झाडताना पंख्याची पाती बोटाने धरावीत. चालू संगणकावर कापडाचे आच्छादन घालू नये आणि तो भिंतीला चिकटून ठेवू नये. वीज अवचित गेल्यास डिस्कवरील माहिती बिघडू शकते. यासाठी यूपीएस असणे अगत्याचे आहे.

थोड्या खर्चाचा मोठा लाभ

जुन्या संगणकातील हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती शोधण्यासाठी वाचणारे टोक जागेवर सरकावे लागते आणि तबकडी तेथवर फिरून यावी लागते. यात सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. हा काळ क्षुल्लक भासला, तरी संगणक सुरू होताना अशी हजारो वेळा शोधाशोध होते. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा भागच नसल्याने हेच काम जवळपास शंभरपट लवकर होते. म्हणून डिस्कवर भार असणाऱ्या संगणकात एसएसडी बसविणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. त्याखालोखाल रॅम ४ वरून ८ गिगाबाइट करणे उपयुक्त ठरते. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

मंदपणा हा इशाराही असतो

डिस्कमधून टकटक आवाज येणे, फाइल उघडताना वारंवार अडखळणे ही डिस्क निकामी होत असल्याची लक्षणे होत. अशा वेळी गती वाढविण्याचा विचार बाजूला ठेवून गुणपत्रिका, दाखले, जमिनीचे कागद आणि कुटुंबाची छायाचित्रे यांची प्रत प्रथम बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. संगणक दुसरा आणता येतो, हरवलेले छायाचित्र आणता येत नाही.

विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नाहीत. अशा संगणकांसाठी लिनक्सवर आधारित हलक्या प्रणाली मोफत उपलब्ध आहेत. सी-डॅक या भारतीय संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली असून तीत भारतीय भाषांची सोय आहे. आणि जो संगणक खरोखरच कामातून गेला असेल, तो उकिरड्यावर टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे.

बैल थकला तर शेतकरी आधी त्याच्या खांद्यावरचे जू आणि गाडीतले ओझे पाहतो, लगेच बाजार दाखवीत नाही. घरातील संगणकालाही हाच न्याय लावल्यास झरीसारख्या गावातील विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीत, आणि घरबसल्या, भरला जाईल.