पोराच्या कोपराचा हिशेब कोण ठेवतो?

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलाकडे राहायला गेलेल्या आजोबांना नातवाच्या बेसबॉल मॅचमध्ये एक गोष्ट हमखास खटकते. बारा वर्षांचा पोरगा झकास चेंडू टाकतोय, समोरचे एकापाठोपाठ बाद होतायत, आणि कोच हातातल्या कागदावर नजर टाकून त्याला खाली बसवतो. का, तर ८५ चेंडू झाले! आजोबांचा जन्म क्रिकेट बघण्यात गेलेला. वीस षटकं म्हणजे १२० चेंडू, आणि आपली पोरं तेवढे आझाद मैदानावर एका दिवसात टाकतात. शिवाय क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षा जडच. मग हे लाड कशाला?

लाड नव्हेत. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून जास्त उलगडला तर चेंडू अवैध ठरतो. हात जवळपास सरळ राहतो, त्यामुळे कोपर बऱ्यापैकी वाचतो आणि मार बसतो पाठीला. जसप्रीत बुमराहचं पाठीचं दुखणं आपण बघितलंच आहे. बेसबॉलच्या पिचरला, म्हणजे तिथल्या गोलंदाजाला, मात्र धाव घ्यायची सोय नाही. तो उंचवट्यावर उभा राहतो, एक लांब पाऊल टाकतो, आणि वाकलेला हात मागे जाऊन पुढे झेपावतो. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगाने फिरतो. माणसाच्या शरीराच्या मोजलेल्या हालचालींमध्ये याहून वेगवान हालचाल सापडणं कठीण.

त्या झटक्यात कोपराची आतली बाजू उघडू पाहते. तिला धरून ठेवतो एक छोटासा अस्थिबंध. प्रौढ पिचरच्या कोपरावर तिथे साधारण ६४ न्यूटन-मीटर ताण येतो, आणि मृतदेहांवरच्या चाचण्यांत हा अस्थिबंध त्याच्या निम्म्याच ताणाला तुटलेला आहे. मग रोज तुटत का नाही? कारण उरलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. आता स्नायू थकले की तो भार कोणावर पडणार, हे वेगळं सांगायला नको. वाढत्या मुलात तर आणखी एक कच्चा दुवा असतो. अस्थिबंध जिथे हाडाला चिकटतो तिथे अजून कूर्चेची वाढीची पट्टी असते, आणि ती अस्थिबंधापेक्षाही कमकुवत. म्हणून लहान मुलांत आधी ती ओढली जाते. या दुखण्याला ‘लिटल लीगर्स एल्बो’ हे नाव १९६० मध्येच मिळालं.

‘कर्व्हबॉल टाकला की कोपर गेला’

कर्व्हबॉल म्हणजे हवेत वळणारा चेंडू, आणि अमेरिकेतल्या आईबापांचा हा सगळ्यात लाडका समज. बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये कोवळ्या पिचरांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा कर्व्हबॉलचा ताण फास्टबॉलपेक्षा जास्त निघाला नाही. याच संस्थेने ९ ते १४ वयाच्या ४८१ मुलांचा दहा वर्षं माग ठेवला. २०११ मध्ये निष्कर्ष आले: वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग (बेसबॉलचे छोटे डाव) टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट. कर्व्हबॉलवर मात्र दोष सिद्ध झाला नाही.

तो अगदी निर्दोष सुटला असंही नाही. २००२ च्या एका पाहणीत वळणारे चेंडू आणि दुखणं यांचा संबंध दिसला होता, आणि बारा वर्षांपर्यंत फास्टबॉल आणि हळू येणाऱ्या चेंजअपवरच भागवा हा सल्ला आजही कायम आहे. पण चेंडूच्या प्रकारावर सगळं खापर फोडलं की संख्येकडे कोणी बघत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

‘मर्यादेत टाकले, म्हणजे काळजी मिटली’

लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना असलेल्या लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. व्यावसायिक मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं आणली. दिवसाची मर्यादा ९-१० वर्षांना ७५, ११-१२ ला ८५, तेरापासून सोळापर्यंत ९५. आईबापांना हे आकडे तोंडपाठ असतात. त्याच तक्त्यातला विश्रांतीचा रकाना मात्र सोयीने विसरला जातो. चौदापर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार.

शनिवार-रविवारच्या स्पर्धेत हे कसं फसतं बघा. तेरा वर्षांचा मुलगा शनिवारी सकाळी ६० चेंडू टाकतो. नियमाने त्याचा हात आता तीन दिवस बंद. दुपारच्या मॅचला कोच त्याला कॅचर, म्हणजे फलंदाजामागचा यष्टिरक्षकच म्हणा, करतो. चेंडू टाकायचे नाहीत ना! पण कॅचर प्रत्येक चेंडू पिचरकडे परत फेकतो आणि कोणी बेस चोरायला निघाला की पूर्ण ताकदीनिशी दुसऱ्या बेसवर फेकतो. लिटल लीगमध्ये तर ४१ किंवा त्याहून जास्त चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर करता येतच नाही, ते यासाठीच. रविवारी फायनल, संघ दुसरा, स्कोअर लिहिणारा दुसरा. शनिवारचे ६० त्याच्या वहीत नाहीत.

मॅचआधी गरम होताना आणि दोन इनिंगच्या मधे टाकलेले चेंडू तर कोणाच्याच वहीत नसतात. फ्लोरिडातल्या शाळकरी पिचरांचे सगळे चेंडू मोजले तेव्हा त्यातले ४२ टक्के अधिकृत आकड्याबाहेरचे निघाले.

माझ्या मते दिवसाचा आकडा हा या हिशेबातला सगळ्यात सोपा, आणि म्हणूनच सगळ्यात फसवा भाग. खरा हिशेब वर्षाचा. वसंतात शाळेचा संघ, उन्हाळ्यात ट्रॅव्हल टीम, शरदात फॉल बॉल, हिवाळ्यात निवडकर्त्यांपुढे वेग दाखवायचे कार्यक्रम. प्रत्येक जण आपल्यापुरता नियम पाळतो आणि बेरीज कोणीच करत नाही. ती घरच्यांनाच करावी लागते. एक साधी वही: तारीख, संघ, चेंडू, दुसऱ्या दिवशी हात कसा होता. तेरा-चौदाच्या मुलाला बारा महिन्यांत १०० इनिंगच्या पुढे जाऊ देऊ नका आणि वर्षातले किमान चार महिने पिचिंग बंद ठेवा, त्यातले दोन-तीन महिने सलग कुठलंच डोक्यावरून फेकणं नको, असं पिच स्मार्ट सांगतं. त्या महिन्यांत पोराने फुटबॉल खेळावा, पोहायलाही जावं. फक्त फेकू नये.

२००६ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या किशोरवयीन पिचरांची धडधाकट पिचरांशी तुलना केली होती. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट. आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना? छत्तीस पट. थकवा तक्त्यात दिसत नाही, मैदानावर दिसतो. चेंडू उंच जायला लागतात, कोपर खांद्याच्या खाली उतरतो, पोरगा दोन चेंडूंमध्ये रेंगाळतो, हात झटकतो. चाळिसाव्या चेंडूलाच हे दिसलं तर चाळीसलाच थांबायचं. ‘अजून ४५ शिल्लक आहेत’ हा युक्तिवाद बिनकामाचा.

‘खरा खेळाडू मागे हटत नाही’

जपानमध्ये या समजाचं देऊळच होतं म्हणा ना. कोशिएनच्या शालेय स्पर्धेत १९९८ मध्ये दाइसुके मात्सुझाकाने १७ इनिंगच्या मॅचमध्ये २५० चेंडू टाकले आणि तो राष्ट्रीय नायक झाला. २०१९ मध्ये ओफुनातो शाळेचा रोकी सासाकी, ताशी १६३ किलोमीटरने टाकणारा, एका मॅचमध्ये १९४ चेंडू टाकून बसला होता आणि प्रादेशिक उपांत्य फेरीत १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना. कोचने त्याला खेळवलंच नाही. संघ १२-२ ने हरला, कोशिएन हुकलं, शाळेवर तक्रारींचा भडिमार झाला. २०२० पासून जपानच्या शालेय महासंघाने आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली. ती मला तरीही सैलच वाटते. सासाकीने २०२२ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला, एकही फलंदाज बेसवर पोहोचू न देता.

‘तुटलंच तर टॉमी जॉन आहे’

१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपरात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरीकडचा स्नायुबंध बसवला; शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. या यशाची उलटी बाजू २०१२ च्या एका पाहणीत दिसते: कोपर धड असतानाही खेळ सुधारायला ही शस्त्रक्रिया करावी असं शाळकरी खेळाडूंपैकी ५१ टक्के आणि पालकांपैकी ३७ टक्के लोकांना वाटत होतं! शस्त्रक्रियेने वेग वाढत नाही. परतायला वर्ष, बहुधा त्याहून जास्त लागतं, आणि सगळेच आधीच्या पातळीवर परतत नाहीत. २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत ही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण १५ ते १९ वयाचे होते.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा कोपर आतल्या बाजूने दुखत असेल तर प्रश्न बहुतेकदा अस्थिबंधाचा नसून वाढीच्या पट्टीचा असतो. बर्फ लावून, गोळी देऊन त्याला पुढच्या मॅचला उभं करू नका. फेकणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरकडे न्या. डॉक्टर बऱ्याचदा दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला सांगतात, म्हणजे धडधाकट बाजूशी तुलना करता येते. लवकर गेलात तर बहुतेक वेळा काही आठवडे फेकणं बंद आणि मग हळूहळू सुरुवात, एवढ्यावर भागतं.