कणाचं बारसं

सुरतेतल्या लिंबायतच्या भाजीबाजारात भेंडी असते, हंगामात अंबाडीच्या जुड्या येतात. खान्देशातून इथे आलेल्या घरांना अंबाडी सांगायला नको, आणि कपाशी तर गावाकडच्या शेतातली. ही तिन्ही भेंडी कुलातली. 1998 च्या वर्गीकरणानंतर सावर, गोरखचिंच आणि ड्युरियनही याच कुलात आले.

या कुलाचा पाच कोटी वर्षांहून जुना पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. मांगरोळ तालुक्यातल्या वस्तान खाणीच्या लिग्नाइटमध्ये ‘लाकियापोलिस ओव्हॅटस’ नावाचे परागकण सापडतात. आम्लांनी दगड विरघळवून पराग सुटे कसे करतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्यांचं बारसं.

या जातीला 1969 साली वेंकटाचला आणि कर यांनी नाव दिलं, कच्छमधल्या बोअरच्या नमुन्यांवरून. लाकी हे सिंधमधल्या डोंगरांवरून पडलेलं खडकांचं नाव, पोलिस म्हणजे पराग, ओव्हॅटस म्हणजे अंडाकृती. नावात झाड कुठेच नाही, आणि हेच मला महत्त्वाचं वाटतं. खडकात पराग एकटा मिळतो. फूल, पान, खोड सोबत नसतं. म्हणून नाव कणालाच द्यायचं. आकार अंडाकृती ते गोल, तीन रंध्रं, त्यांच्या चिरा आखूड, कवच जाड आणि गुळगुळीत, असं जे दिसतं तेच लिहायचं. मग असंख्य कणांतला एकच निवडायचा. तो होलोटाइप. त्याचं छायाचित्र छापायचं, काचपट्टीवरची नेमकी जागा नोंदवायची आणि पट्टी संस्थेत जपून ठेवायची. पुढे कुणालाही शंका आली तर त्याने त्याच कणाकडे परत जावं. वर्णन कितीही सुंदर असलं, तरी या एका कणाशिवाय ते लटकं.

झाड कोणतं, हा वाद त्यानंतरचा. जास्वंदीचा पराग काटेरी, सावरीचा जाळीदार, मग हा गुळगुळीत कण भेंडी कुलातला कसा? उत्तर जिवंत झाडांच्या परागांत आहे. ड्युरियन आणि त्याची भाऊबंद कुलेनिया यांच्या परागांशी याचं साम्य दिसतं. कुलेनिया आज दक्षिण सह्याद्रीच्या आणि श्रीलंकेच्या ओल्या सदाहरित रानात उरली आहे. सिंहपुच्छ वानरं तिची फळं खातात. वस्तानमध्ये सापडलेला अंबर, म्हणजे झाडाची दगड झालेली राळ, तोही सालाच्या कुलातल्या झाडांचा निघाला. दोन्ही साक्षी एकाच रानाकडे बोट दाखवतात. तेव्हा भारत विषुववृत्ताजवळून उत्तरेकडे सरकत होता आणि सुरतेच्या या भागात बारमाही हिरवं जंगल होतं.

पुढच्या भागापर्यंत एवढं करा: उमललेल्या जास्वंदीचा तुरा काळ्या कागदावर हलकेच झटका. भेंडी कुलातल्या सर्वांत मोठ्या परागांपैकी हे कण. नुसत्या डोळ्यांनीही ते सुटे सुटे दिसतील.