जांभळा रंग कुठवर चढतो

प्रयोगशाळेत मी स्लाइड रंगवते. त्यात सगळ्यात जीव लावून रंगवते ती वाढत्या हाडाच्या टोकाची. तिथे कूर्चेची पातळ पट्टी असते आणि मूल उंच होतं ते तिच्यामुळे. तिच्यात पेशी आधी विखुरलेल्या, मग नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या आणि हाडापाशी टम्म फुगलेल्या दिसतात.

माझा जीव गुंततो तो पेशींच्या मधल्या जागेत. तिथे अ‍ॅग्रिकॅन हा अवाढव्य रेणू भरलेला असतो: प्रथिनाचा कणा आणि त्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभराच्या आसपास शर्करासाखळ्या. या साखळ्यांवर ऋणभार असतो. तो सोडियम ओढतो, सोडियममागून पाणी येतं आणि कूर्चा ताठ राहते. १९५६ मध्ये लुईस थॉमस यांनी सशांच्या शिरेत पपेन, म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम, टोचलं. सशांचे उभे कान लुळे पडले! कणा तुटून साखळ्या निघून गेल्या होत्या. पेशी मात्र जिवंत होत्या. त्यांनी नव्याने साखळ्या घडवल्या आणि काही दिवसांत कान पुन्हा उभे राहिले.

टोल्युइडिन ब्लू बाटलीत निळा असतो, कूर्चेवर चढला की जांभळा होतो. ऋणभार इतके दाट असतात की रंगाचे रेणू एकमेकांना खेटून बसतात, म्हणून हा बदल. जिथे जांभळं, तिथे साखळ्या.

पण हा नकाशा फसवतो. काप टिकवायला वापरतात ते नेहमीचं फॉर्मॅलिन प्रथिनं पकडतं, साखळ्यांना नीट धरत नाही. त्या पाण्यात सुटतात, पेशी आक्रसते आणि तिच्याभोवती पांढरं कडं उरतं. फुगलेल्या पेशी मरणपंथाला लागलेल्या आहेत, असं त्यावरून वाटायचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एर्न्स्ट हुन्झिकर आणि सहकाऱ्यांनी रुथेनियमचं एक धनभारित संयुग घालून साखळ्या जागीच अडकवल्या, तेव्हा त्याच पेशी धडधाकट आणि कडेपर्यंत भरलेल्या दिसल्या. माझ्या मते पाठ्यपुस्तकात ही दोन चित्रं शेजारी शेजारी छापायला हवीत.

कधी रंग फिका पडतो तो आजारामुळेच. डायस्ट्रॉफिक डिस्प्लेशिया या आजारात मुलांची उंची खुंटते, पाय वाकडे होतात. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून त्याचं जनुक हाती लागलं. पेशीत सल्फेट नेणारं प्रथिन त्यात बिघडलेलं असतं. साखळ्या बनतात, पण त्यांवर सल्फेट अपुरं, म्हणून रंगही फिका. असा फिकेपणा आजाराचा की माझ्या हातून धुऊन गेलेल्या साखळ्यांचा, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून निरोगी कूर्चेचा काप मी त्याच स्लाइडवर शेजारी लावते आणि दोन्ही एकाच वेळी रंगात बुडवते.