जुन्या संगणकाला नवा कारभारी

पालघर तालुक्यातल्या शाळांतून हिंडताना कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला संगणक मला पुष्कळदा दिसतो. गुरुजी म्हणतात, "तो आता कामाचा राहिला नाही हो!" पण बहुधा यंत्र धड असते, थकलेला असतो तो त्याचा कारभारी.

हा कारभारी कोण? पडदा, कळफलक, छपाईयंत्र या साऱ्यांना कामाला लावणारी जी आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज १० ही त्यांपैकीच एक. तिची नेहमीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालत नाही. मग यंत्र भंगारात घालावे काय? मुळीच नाही. लिनक्स फुकट मिळते. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. केरळातल्या सरकारी शाळा ती वापरतात. तिचा लिनक्स मिंट हा प्रकार ४ जीबी रॅमवर बरा चालतो, आणि त्यात मराठीही लिहिता येते.

आता कृती पाहू. बोईसरच्या बाजारातून ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा. दुसऱ्या चालू संगणकावर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिची आयएसओ फाइल उतरवून घ्या. ती पेनड्राइव्हवर नुसती ठेवून भागत नाही. रूफससारख्या साधनाने लिहावी लागते. कारण संगणक सुरू होताना आपला कारभारी ठराविक जागीच शोधतो, आणि हे साधन त्याला त्या जागी बसवते. मग पेनड्राइव्ह जुन्या यंत्राला लावून ते सुरू करा आणि लगेच एफ१२ किंवा एफ२ दाबा. ही कळ यंत्रागणिक वेगळी असते. येणाऱ्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

इथे जरा थांबा. मी एकदा थांबलो नाही. एका शाळेत "सगळी डिस्क पुसा" या पर्यायाला मी घाईने होकार दिला. तिथल्या बाईंनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून टिपलेली वारली गाणी त्या डिस्कवर होती, दुसरी प्रत नव्हती. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच अधिक लागले.

खरे तर उपाय हाताशी होता. मिंट पेनड्राइव्हवरूनच, काही न पुसता, चालवून पाहता येते. जुनी विंडोज उघडत नसली, तरी डिस्कला कुलूप घातलेले नसेल तर तिच्यातल्या फायली तिथून दिसतात. त्या आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा, उघडून खात्री करा, आणि मगच "इन्स्टॉल"वर बोट ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा इन्व्हर्टर असेल तर तो जोडा, लॅपटॉप असेल तर पुरता भरून घ्या.

पुढचे काम बहुतेक यंत्रच करते. आपले काम त्याआधीचे: आत काय आहे, ते ज्याचे त्याला विचारणे.