‘दुआ’ आणि ‘द्वि’

मलय भाषेत दोनला ‘दुआ’ म्हणतात हे कानी पडताच आपल्याकडील संस्कृताभिमानी गृहस्थ सुखावतो. भाषेला ‘बहासा’, तोंडाला ‘मुका’, डोक्याला ‘कपाला’ म्हणणारे हे लोक. तेव्हा त्यांची भाषा संस्कृतचीच लेक, असा निवाडा तो तत्काळ देऊन टाकतो. या मोहात तो एकटाच सापडला आहे असे नव्हे. फ्रान्ट्झ बॉप या विख्यात जर्मन पंडितानेही १८४१ साली या भाषांना संस्कृतच्या गोतावळ्यात बसविण्याचा खटाटोप केला होता. पुढील अभ्यासकांनी तो अमान्य केला.

‘भाषा’, ‘मुख’, ‘कपाल’ हे शब्द आपल्याकडूनच व्यापार, धर्म आणि राजदरबार यांच्यासंगे तिकडे गेले, याविषयी वाद नाही. परंतु ‘पगार’ आणि ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आले म्हणून मराठी काही पोर्तुगीजची कन्या ठरत नाही. (मलयातही खिडकी ‘जेंदेला’ आणि चर्च ‘गरेजा’ आहे, गोमंतकीयांना त्यांत आपले जनेल आणि इगर्ज ओळखू येईल.) उसने शब्द निराळे, वारशाचे निराळे.

‘दुआ’ वारशाचा आहे. न्यूझीलंडच्या माओरीत तो ‘रुआ’ होतो, हवाईत ‘लुआ’. हाताचे आणि पाचाचे मूळ नाव एकच, ‘लिमा’. हवाईत आजही हात ‘लिमा’ आणि त्यावरूनच पाच, तर माओरीत पाच ‘रिमा’. माओरीत ‘र’ तेथे हवाईत ‘ल’, हा नेम शब्दामागून शब्दाला लागू पडतो. योगायोगाच्या साम्याला असा नेम नसतो. हे कुळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तैवानातून दक्षिणेकडे निघाले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्या तैवानातील पैवान भाषेत दोनला अद्याप ‘दुसा’ म्हणतात. मूळ शब्दातील हा मधला व्यंजन मलयात गळाला आणि उरलेला ‘दुआ’ आपल्याला ‘द्वि’सारखा भासला, एवढेच.

सर्वांत विलक्षण प्रवास मात्र डोळ्याचा. मलयात डोळा ‘माता’ आणि सूर्य ‘माताहारी’, म्हणजे दिवसाचा डोळा. हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेजवळच्या मादागास्करात जावे, तर तेथील मलागासी भाषेत डोळा ‘मासु’, दिवस ‘आन्द्रु’ आणि सूर्य ‘मासुआन्द्रु’. दिवसाचा शब्द पालटला, कल्पना तीच राहिली. या भाषेचे सर्वांत जवळचे नातलग बोर्निओच्या बारितो नदीकाठी राहतात, हे ओट्टो दाल या नॉर्वेजियन विद्वानाने १९५१ साली साधार दाखविले. शिडालाही मलयात ‘लायार’ आणि मलागासीत ‘लाय’ म्हणतात. त्या शिडाच्या बळावर हे दर्यावर्दी आपल्याच महासागरातून पश्चिमेस गेले.