जुनी गाडी, पहिली किक आणि आपली फुप्फुसे

पाऊस ओसरतो, भात कापून होते आणि सायवन परिसरात पडवीत वर्षानुवर्षे उभी असलेली मोटरसायकल बाहेर निघते. कुणाची राजदूत, कुणाची येझदी, कुणाच्या वडिलांनी घेतलेली सीडी १००. इथे हा शौक नसतो. बोईसर किंवा वापीच्या कारखान्यात पाळीला जायचे तर एसटीची वेळ जुळत नाही आणि नवी गाडी परवडत नाही. मग घरचीच मुले पाने-पक्कड घेऊन कामाला लागतात.

गेल्या दिवाळीनंतर असाच विशीतला एक मुलगा संध्याकाळी आईबरोबर आमच्याकडे आला. ताप होता, धाप लागत होती, छाती दुखत होती. सकाळी त्याने टाकीतले जुने पेट्रोल नळीला तोंड लावून ओढले होते. जोराचा ठसका लागला, दहा मिनिटांत थांबला आणि तो पुन्हा कामाला लागला. आई म्हणाली, “डॉक्टर, घोटभरच गेलं असेल. मी लगेच मिठाचं पाणी पाजून ओकारी काढली.” माया खरी होती, पण उपाय नेमका उलटा झाला होता.

घोटभर पेट्रोल पोटात गेले तर होणारे नुकसान सहसा मर्यादित असते. खरा धोका ते श्वासनलिकेत शिरण्याचा. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ आणि झटकन पसरणारे. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक स्निग्ध थर असतो. पेट्रोल तो थर बिघडवते आणि तिथे सूज येते. त्यासाठी मिलिलिटरभर पेट्रोलही पुरते. ओकारी काढली की तेच पेट्रोल दुसऱ्यांदा घशाशी येते आणि पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडात इंधन घेऊन ज्वाळा फुंकणाऱ्या, आगीचे खेळ करणाऱ्या कलाकारांनाही असाच आजार होतो. रॉकेल प्यायलेल्या लहान मुलांमध्ये तर आम्ही डॉक्टर तो वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

म्हणून मिठाचे पाणी, दूध, घशात बोट घालणे यातले काहीही करू नये. चूळ भरावी, पेट्रोल सांडलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि रुग्णालय गाठावे. ठसका थांबला तरी जावे. पहिला एक्स-रे स्वच्छ दिसूनही काही तासांनी त्रास वाढू शकतो. त्यामुळे अशा रुग्णाला निदान सहा तास नजरेखाली ठेवतात. यावर उतारा असे औषध नाही. प्राणवायू आणि वेळ हाच आधार. तो मुलगा पाच दिवसांनी घरी गेला.

खरे तर तोंड लावण्याची गरजच नसते. टाकीखाली पेट्रोल कॉक असतो. त्याला नळी जोडून खाली डबा ठेवला की पेट्रोल आपोआप उतरते. कॉक जाम असेल तर बोल्ट काढून टाकीच उतरवावी आणि उलटी करावी. हाताने दाबायचा रबरी पंपही चालतो. तसेही ते जुने पेट्रोल कामाचे नसते. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेला डिंकासारखा चिकट होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. गाडी २००० सालाआधीपासून उभी असेल तर टाकीच्या तळात शिशाचा अंशही असू शकतो, कारण देशभर शिसेमुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले. त्या पेट्रोलने हात धुऊ नयेत आणि ते पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. घरातले लेकरू ती बाटली तोंडाला लावते.

या कामातले बाकीचे धोकेही असेच उशिरा कळणारे आहेत. सीटखाली, साइड कव्हरमागे विंचू दबा धरून असतो. आधी काठीने ठोकावे, मगच हात घालावा. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात वेदना कमी म्हणून धोका कमी, असे समजू नये. दरदरून घाम, उलटी, हातपाय थंड पडणे ही हृदयावर परिणाम होत असल्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णांसाठी प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी वापरात आणले. ते वेळेवर मिळाले तर जीव वाचतो.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारली किंवा हवेचा पाइप लावला की ती धूळ फुप्फुसात जाते आणि तिचा आजार २० ते ४० वर्षांनी दिसतो. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

शेवटी येते किक. इंजिन धरेपर्यंत चोक ओढून ठेवलेला असतो, धूर दाट असतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, आणि माणसाला वाटते, किक मारून दमलो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते, कारण ते या वायूने व्यापलेले रक्तही चांगले म्हणून दाखवते. म्हणून गाडी पडवीत किंवा खोलीत सुरू करू नये, ढकलत अंगणात न्यावी. डोके दुखू लागले तर इंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावे. भोवळ किंवा गुंगी येत असेल तर तडक रुग्णालयात न्यावे.

रुग्णालयात आल्यावर लाजू नये. नळी तोंडाने ओढली का, किती वाजता, नंतर ओकारी झाली का, गाडी कुठे सुरू केली होती, एवढे सरळ सांगावे. त्या मुलाने संध्याकाळी पहिल्यांदा “साधा ताप आहे” एवढेच सांगितले होते. पेट्रोलची गोष्ट आईने सांगितली, म्हणून उपचार वेळेवर सुरू झाले.