नाकातली नळी घेऊन माणूस घरी आलं तर

मैत्रिणींनो, तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की जखम भरेपर्यंत पेशंटला तोंडानं खाता येत नाही. मग नाकातून पोटात बारीक नळी घालतात. तिला राइल्स ट्यूब म्हणतात. ऑपरेशन पुण्याला होतं, पण सुट्टी मिळाल्यावर निमोण्यात त्या नळीतून पेज देणारी नर्स म्हणजे आपणच. म्हणून दवाखाना सोडण्याआधी नर्ससमोर एकदा स्वतःच्या हातानं करून बघा.

देण्याआधी : साबणानं हात धुवा. नाकाजवळ नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते बघा. खूण सरकली असेल तर थेंबभरही घालू नका. हवा मारली, पोटात आवाज आला, म्हणजे नळी बरोबर, असं धरू नका. नळी चुकून फुफ्फुसात गेली तरी तसा आवाज येऊ शकतो.

देताना : पेशंटला उशा लावून बसतं करा. आडवं असताना कधीच देऊ नका. आधी थोडं पाणी, मग कोमट, बारीक गाळलेली पेज, डाळीचं पाणी किंवा दूध, आणि शेवटी पुन्हा पाणी. किती आणि किती वेळा, ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं पाळा. सिरिंजचा दट्ट्या दाबू नका. सिरिंज उंच धरा, आपोआप उतरू द्या. नंतर निदान अर्धा तास बसवून ठेवा.

गोळी कुटून द्यायची का, ते आधी विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात. पेज ताजीच करा, सकाळची संध्याकाळी नको. तोंडानं खात नसला तरी सांगितल्याप्रमाणे तोंड रोज स्वच्छ करा.

नळी तुंबली तर कोमट पाण्यानं हलकेच बघा. तार घालू नका, जोर करू नका. निघाली तर घरी परत घालू नका, दवाखान्यात जा. देताना ठसका लागला, धाप लागली, ओठ निळे पडले तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करा. अन्न फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

पोटाच्या ऑपरेशननंतर मात्र हीच नळी बहुतेकदा पोटातलं पाणी बाहेर काढायला असते. तेव्हा पेशंटनं कितीही मागितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा पाजू नका.

आणि एक सांगायचंच आहे. मिश्रीतही तंबाखूच असते. तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तपासून घ्या. पुढच्या बैठकीत हे सगळ्या जणींना वाचून दाखवा.